नांगरलेल्या जहाजावर कोण जागं असतं?

माझा भाचा तिसरीत शिकतो. मागच्या महिन्यात बहिणीकडे गेलो तेव्हा त्याची वही चाळत बसलो होतो. 'चित्र काढा' असा प्रश्न होता आणि खाली पाच शब्द. घर, विहीर, बैल, नांगर, सूर्य. चार चित्रांपुढे बरोबरची खूण, नांगरापुढे लाल फुली. पोरानं चित्र अगदी नीट काढलं होतं. वर कडी, मधे दांडा, खाली दोन बाजूंना वळलेले आकडे. कडीतून निघालेली साखळीसुद्धा त्यानं पानाच्या कडेपर्यंत नेली होती. बाजूला बाईंनी लिहिलं होतं, 'नांगर शेतात असतो.'

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या तोंडावर. घराच्या पायरीवर बसलं की समोर होड्या नांगरलेल्या दिसतात. शेतातला नांगर या पोरानं पाहिला असेल तर पुस्तकातच. आता गावात भातशेतीला पॉवर टिलर आलाय. बाई घाटावरच्या, त्यांचा दोष नाही. बहीण त्यांना भेटली तर त्या हसल्या, फुली खोडली आणि म्हणाल्या, "पुस्तकात शेतीचाच धडा होता हो." वाद तिथंच मिटला. पण माझ्या डोक्यातून ती फुली जाईना.

शेतातला नांगर संस्कृत 'लांगल' वरून आला. जहाजाचा नांगर म्हणजे फारसीतला 'लंगर'. जन्मानं दोघं वेगळे. मराठी माणसाच्या जिभेवर आले आणि एक झाले. दोघांचं कामही म्हटलं तर एकच, जमिनीत रुतायचं. फरक इतकाच की शेतातला रुतून पुढं सरकतो आणि दर्यातला रुतून सरकू देत नाही. इतका सुंदर योगायोग कुठल्याही भाषेनं मिरवला असता. आपण त्यावर फुली मारली. (हल्ली मुलांना 'अँकर' विचारलं तर टीव्हीवर ओरडणारा माणूस आठवतो, ती गोष्ट वेगळी. तसा 'अँकर' आणि आपला 'अंकुश' हे दूरचे भाऊबंदच आहेत. दोघांच्या मुळाशी आकडाच.)

नांगरापाशी थांबत नाही ही गोष्ट. जहाज अरबी. बंदर फारसी. दर्या फारसी. सुकाणू अरबी 'सुक्कान' वरून, म्हणजे ज्या पुढाऱ्याच्या हाती 'राज्याचं सुकाणू' दिल्याचं आपण मथळ्यात वाचतो, त्याच्या हातात अरबी दांडा असतो. खलाशी अरबी. मोसमी वारे अरबी 'मौसिम' वरून. सारंग म्हणजे फारसी 'सरहंग', सरदार. नाखवा म्हणजे 'नाखुदा', नावेचा धनी. त्यातली 'ना' तर आपलीच नाव, संस्कृत आणि फारसी एका घरातल्या असल्याची खूण. आरमार मात्र पोर्तुगीज, आणि जाळ्याला किंवा नांगराच्या जागेला खूण म्हणून तरंगत ठेवतात तो बोयासुद्धा पोर्तुगीजच. सारंग, नाखवा, तांडेल ही आज आडनावं आहेत. ती ऐकून माणूस कोणत्या धर्माचा ते ओळखता येईलच असं नाही. शिवाजी महाराजांच्या आरमारात 'दर्यासारंग' हा किताबच होता, आणि १६७९ साली खांदेरीच्या लढाईत मायनाक भंडारीच्या बरोबरीनं लढला तो दौलतखान.

आता इथं दोन प्रकारचे लोक माझ्याशी भांडतात.

पहिले म्हणतात, परकीय शब्द आहेत, गेले तर बरं. भाषाशुद्धीची चळवळ आमच्या रत्नागिरीतच वाढली. सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत तिथं स्थानबद्ध होते आणि भाषाशुद्धीवरचं त्यांचं बरंच लिखाण त्याच काळातलं. 'दिनांक' आणि 'महापौर' हे त्यांनी रूढ केलेले शब्द मी रोज वापरतो, मला त्यात काही अडचण नाही. चांगला शब्द कुणीही द्यावा. पण त्याच गावात खाली मांडवीवर होड्या लागायच्या त्या बंदरालाच लागायच्या. सुकाणू सुकाणूच राहिलं. कारण तिथं शब्द दरबारातून किंवा कचेरीतून आलेला नव्हता. दोन माणसांना एकाच दोराला हात घालायचा होता म्हणून आलेला होता. असा शब्द ठराव करून जात नाही.

दुसरे आमचेच लोक. एका शाळेच्या समारंभात एक वक्ते अभिमानानं सांगत होते की हे सगळे उर्दू शब्द, मराठीनं उर्दूतून उचलले. टाळ्या पडल्या. मी नाही वाजवल्या. कोकणच्या किनाऱ्यावर अरबी-फारसी बोलणारे दर्यावर्दी यायला लागले तेव्हा उर्दूचा पत्ताही नव्हता. अरब प्रवासी मसूदी ९१६ सालाच्या सुमारास सैमूरला, म्हणजे आपल्या अलिबागजवळच्या चौलला आला. तिथं दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात असं त्यानं लिहून ठेवलंय. त्यात सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडून आलेले होते आणि इथंच जन्मलेलेही होते. त्याच शतकात बुजुर्ग इब्न शहरयार नावाच्या नाखुदानं हिंदच्या किनाऱ्यावरच्या खलाशांच्या गोष्टींचं एक अख्खं पुस्तक केलं. हे शब्द दिल्लीवरून खाली आले नाहीत. पश्चिमेकडून दर्यानं आले आणि थेट मराठीत उतरले. त्यांना उर्दूचं म्हणणं म्हणजे स्वतःच्या घरात भाडेकरू असल्यासारखं राहणं. आम्ही कोकणी मुसलमान ते फार हौसेनं करतो. घरात कोकणी बोलायची, लग्नपत्रिका उर्दूत छापायची, नोकरीसाठी इंग्रजी शिकायची, आणि मग मराठीवाले आम्हाला आपलं मानत नाहीत म्हणून रडायचं.

पुरावा शब्दांचाच हवा असंही नाही, दगडाचाही आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांना विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, गोवा आणि वर द्वारकेच्या पाण्यात दगडी नांगर सापडलेत. त्यातल्या एका प्रकाराला ते 'इंडो-अरब' म्हणतात. लांबट, चौकोनी घडवलेला दगड. वरच्या टोकाला दोरासाठी गोल भोक, खालच्या अंगाला दोन चौकोनी भोकं, एकमेकांना काटकोनात. त्या दोन भोकांतून लाकडी खुंट आरपार घालायचे. दगड कसाही पडला तरी एक खुंट तळात रुतणारच. असेच नांगर इराणच्या सिराफला, ओमानला आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मिळालेत. विजयदुर्गात जो दगड तळाला पडून आहे तो कुणी घडवला, मराठ्यानं की अरबानं, हे त्याच्याकडे बघून सांगता येत नाही.

आमचे नाना, आईचे वडील, बोटीवर सुखानी होते. सुखानी म्हणजे सुकाणू धरणारा. तेव्हाच्या बोटीवर डेकच्या लोकांचा मुख्य सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, मग कसाब, सुखानी, खलाशी; स्वयंपाकाला भंडारी, खाली इंजिनात आगवाले आणि तेलवाले. गोरा कप्तान इंग्रजीत हुकूम द्यायचा, सारंग त्याचं लश्करी करायचा. लश्करी ही या खलाशांची आपली एक बोली होती. हिंदुस्थानी, फारसी, पोर्तुगीज, इंग्रजी, सगळ्यांची खिचडी. साहेबांना ती इतकी गरजेची वाटली की टॉमस रोबकनं १८११ साली कलकत्त्यात तिचा शब्दकोश काढला आणि १८८२ मध्ये तो सुधारून पुन्हा छापला गेला. आमच्या लोकांच्या बोलीचा कोश साहेबानं केला, तोही स्वतःच्या कामापुरता. आम्ही अजून केलेला नाही. हर्णै, दाभोळ, जयगड, जैतापूर इथल्या म्हाताऱ्या तांडेलांपाशी मोबाइल घेऊन कुणी बसलं तर एका मोसमात होईल असं काम आहे. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. माणसं घरीच असतात, बोलायला मोकळी असतात. मराठी विभागांना विचारून बघा, ते ग्रामीण बोली म्हणजे घाटावरचीच धरतात.

नाना नांगराबद्दल बोलायला लागले की चहा थंड व्हायचा. लोकांना वाटतं, नांगर जड असतो म्हणून जहाज थांबतं. नाना म्हणायचे, "नांगर नाय धरीत, साखळी धरते." ते खरं आहे. नांगर तळात आडवा पडला पाहिजे आणि त्याच्यावरची ओढ तळाला समांतर लागली पाहिजे, तरच आकडा रुतून राहतो. ओढ वरून लागली की तो निघतो. म्हणून पाण्याच्या खोलीच्या पाच-सहा पट साखळी सोडतात. तिचा बराचसा भाग तळावर नुसता पडून असतो आणि तेच तिचं काम. वाऱ्याचा झोत आला की पडलेली साखळी थोडी उचलते, झोत गेला की परत बसते. धक्का नांगरापर्यंत जात नाही. साखळीची मोजणी शॅकलमध्ये होते, एक शॅकल पंधरा वाव, म्हणजे साधारण साडेसत्तावीस मीटर. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं अंतर. इंग्रजांचा फॅदमसुद्धा तेवढाच, हातही तसेच पसरलेले. खोली बघायला शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडायचे. वजनाच्या बुडाला खोबण असायची, त्यात चरबी भरायची. वर काढल्यावर चरबीला काय चिकटलंय ते बघायचं. चिखल असेल तर छान धरतो, खडक असेल तर एकतर धरत नाही नाहीतर सोडत नाही.

आणि नांगर टाकला म्हणजे काम संपलं असं तर अजिबातच नाही. मला वाटतं या सगळ्यातली ही गोष्ट जमिनीवरच्या माणसाला सगळ्यात कमी ठाऊक आहे. नांगरलेलं जहाज भरती-ओहोटीबरोबर दर सहा तासांनी तोंड फिरवतं, नांगराभोवती गोल घेतं, त्या गोलात दुसरं कुणी नको. दिवसा पुढच्या भागात एक काळा गोळा चढवायचा, म्हणजे येणाऱ्याला कळतं की हा उभा आहे. रात्री चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा. जहाज पन्नास मीटर किंवा त्याहून लांब असेल तर पुढं एक आणि मागं थोडा खाली दुसरा. धुकं पडलं तर मिनिटामिनिटाला पाच सेकंद घंटा वाजवायची. आणि सतत एक माणूस जागा. नाना रात्री किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरून ठेवायचे, एखादं दीपगृह आणि एखादा दिवा. त्यांचा कोन बदलला की समजायचं, नांगर सरकतोय. शंका आली तर साखळीवर हात ठेवायचा. नांगर फरफटत असला की साखळी थरथरते. सत्तरीत घरी झोपलेले असतानाही नाना रात्री उठून ओटीवर यायचे, खाडीकडे बघायचे आणि परत जाऊन पडायचे. आजी म्हणायची, "याचं जहाज अजून उभंच हाय."

कुरआनात अकराव्या सूरेत नूहच्या तारवाचा प्रसंग आहे. तिथं जहाजाचं चालणं आणि जहाजाचं थांबणं, दोन्हींच्या आधी अल्लाहचं नाव आहे. आमच्याकडे बोटीवर चढताना म्हातारी माणसं ते शब्द म्हणत. थांबण्यासाठी जो शब्द आहे त्याच मुळातून 'मर्सा', म्हणजे नांगर टाकायची जागा, हा शब्द होतो. इजिप्तचं मर्सा मत्रूह, मर्सा आलम त्यातलेच. त्याच मुळातून पहाडांसाठीही कुरआनात शब्द येतो, जणू पृथ्वीला घातलेले नांगर. नानांचं अरबी वाचण्यापुरतंच होतं, अर्थ त्यांना मदरशातल्या उस्तादांनी सांगितलेला. पण ते मला म्हणाले होते, चालण्याआधी बिस्मिल्लाह सगळेच म्हणतात, थांबण्याआधी म्हणणारा खलाशी.

हे सगळं आज लिहायचं कारण माझा मामेभाऊ. गेल्या वर्षी तो नऊ महिने एका नांगरलेल्या जहाजावर होता, आखातात, किनारा डोळ्यांना दिसेल इतक्या अंतरावर. मालकानं पैसे थांबवले, मग डिझेल थांबवलं, मग फोन उचलणं थांबवलं. जहाज उभं. मामी गावात विचारणाऱ्याला सांगायची, "जहाज नांगरलेलं आहे, सुखरूप आहे." तिच्या मनात नांगर म्हणजे सुरक्षित. रात्री दिवे लावायला जनरेटर चालेना तेव्हा हे लोक टॉर्च बांधून ठेवत, दुसरं जहाज अंगावर येऊ नये म्हणून. पाणी बाटलीनं मोजून. तांदूळ आणि डाळ शेजारच्या जहाजांनी दिलं.

उतरून का येत नाही, असं गावातले शहाणे विचारत. उतरता येत नाही. जहाजावर ठरलेली किमान माणसं असावीच लागतात, बदली आल्याशिवाय बंदराचे अधिकारी सोडत नाहीत. शिवाय खलाशाच्या पगाराचा पहिला बोजा जहाजावरच असतो. जहाज विकलं तर आधी त्याचा पगार. आपल्याकडेही २०१७ च्या ॲडमिरल्टी कायद्यात खलाशांचा पगार सगळ्यात वरच्या नंबरला आहे. म्हणून मुलं जहाज सोडायला घाबरतात. सोडलं की पैसे गेले असं त्यांना वाटतं.

यातलं सगळ्यात भयंकर उदाहरण इजिप्तचं. बहारीनचा झेंडा असलेलं एक मालवाहू जहाज २०१७ च्या जुलैत सुएझजवळच्या अदाबिया बंदरात अडकलं. कागदपत्रांची मुदत संपलेली, मालकाकडे पैसे नाहीत. कोर्टानं जहाजावरच्या सीरियन चीफ ऑफिसरलाच जहाजाचा कायदेशीर रखवालदार नेमलं. त्यानं सही केली तेव्हा त्याचा अर्थ त्याला नीट कळला नव्हता. बाकीचे एकेक करून गेले, हा राहिला. आई वारली, जाता आलं नाही. शेवटी एकटा, वीज नाही, रात्री पूर्ण काळोख. त्याचा भाऊही दर्यावर्दीच. त्याचं जहाज कालव्याकडे जाताना समोरून जायचं, तेव्हा दोघं लांबून हात हलवायचे. मार्च २०२० मध्ये वादळानं ते जहाज नांगराच्या जागेवरून सुटलं, काही किलोमीटर वाहत गेलं आणि किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर रुतलं. कुठल्याही खलाशाला ही आपत्ती वाटली असती. त्याला ती मेहेरबानी वाटली, कारण आता तो पोहत काठावर जाऊन खायला आणू शकत होता, फोन चार्ज करू शकत होता. एप्रिल २०२१ मध्ये तो सुटला. जवळजवळ चार वर्षं. जहाजाचं नाव होतं 'अमान'. अरबीत त्याचा अर्थ सुरक्षितता.

आमच्या समाजात मुलगा बोटीवर गेला की पेढे वाटतात, आणि जावेत. पण कुणाच्या मार्फत गेला हे विचारायची पद्धत नाही. 'ओळखीचा एजंट आहे' म्हटलं की संपलं. मामानंही दागिने गहाण ठेवून एजंटाला अडीच लाख दिले होते. खलाशाकडून नोकरीसाठी पैसे घेणं हाच गुन्हा आहे, हे मामाला कुणी सांगितलं नव्हतं. भरती करणाऱ्याकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, त्याला आरपीएसएल म्हणतात, आणि परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. ते बघायला पाच मिनिटं लागतात. नानांच्या पिढीत प्रमाणपत्र पत्र्याच्या नळीत ठेवत, तिला 'नल्ली' म्हणत. नल्ली संदुकीत जपून ठेवायची पण वाचायची नाही, ही सवय आम्ही पुढं चालू ठेवली.

दोन महिने पगार नाही, किंवा जेवण-पाणी-इंधन नाही, किंवा घरी पाठवायचा खर्च मालक देत नाही, यातलं एक जरी झालं तरी आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराप्रमाणे खलाशाला वाऱ्यावर सोडलं असं धरलं जातं. भारतानं हा करार २०१५ साली मान्य केलाय. २०१७ पासून जहाजमालकाला त्यासाठी विम्यासारखी हमी ठेवावी लागते, चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी जायचा खर्च त्यातून मिळतो. त्या हमीचं प्रमाणपत्र जहाजावर दिसेल अशा जागी लावलेलं असलंच पाहिजे. जहाजाचा झेंडा हा करार न मानणाऱ्या देशाचा असेल, किंवा विमाच खोटा असेल, तर हा कागद असून उपयोग नाही, हेही खरं. म्हणून आधी झेंडा कुठला ते विचारायचं. आमच्या मशिदींमध्ये जुम्याच्या बयानात अनेक विषय होतात. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर पोरं निघायच्या आधी, एवढं सांगायला काय हरकत आहे? थांबण्याआधी बिस्मिल्लाह म्हणायला शिकवणारा समाज थांबलेल्या जहाजावरच्या आपल्या पोराबद्दल इतका बेफिकीर कसा, हे मला खरंच कळत नाही.

मामेभाऊ नऊ महिन्यांनी आला. पगार अर्धा मिळाला, अर्ध्याचा दावा चालू आहे. दोन महिने घरी राहिला, बहुतेक वेळ झोपून. मग दुसरीकडे अर्ज केला, यावेळी यादीत बघून. एजंटाला पैसे दिले नाहीत, मामी मात्र अजून म्हणते की न देता मिळालेली नोकरी चांगली नसणार. परवा तो जहाजावर चढला. रात्री फोन आला नाही, फक्त एक फोटो आला. जेवणाच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर लावलेलं हमीचं प्रमाणपत्र, त्यावर जहाजाचं नाव आणि तारीख नीट दिसेल असं काढलेलं. भाच्यानं तो फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, यात नांगर कुठाय?